बटण दाबलं, पण मजकूर पलीकडे गेलाच नाही

गणपती तोंडावर आले की माझा फोन वाजायला लागतो. वर्गणीसाठी नव्हे, वर्गणीच्या पावतीसाठी. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या मंडळाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, पायथन भाषेत टीकेइंटर (विंडो, बटणं बनवायची पायथनची सोय) वापरून केलेला. डावीकडे नाव आणि रक्कम लिहायच्या दोन एंट्री, मधे ‘पावतीत टाका’ हे बटण, उजवीकडे पावती दिसते तो मोठा टेक्स्ट बॉक्स. बस, इतकंच. दरवर्षी कुणीतरी उत्साही पोरगं त्यात ‘जरा सुधारणा’ करतं आणि डावीकडचं नाव उजवीकडे पोचायचं थांबतं. यंदा ते पोरगं माझा सख्खा भाचा निघाला.

“मामा, नुसतं ‘श्री.’ येतंय. पुढे नाव नाही, रक्कम नाही. काल चालत होतं!”

मागून खजिनदार काकांचं खाकरणं ऐकू येत होतं, म्हणजे पावती घेणारे दारात उभे होते.

दरवर्षी तेच ते सांगतो म्हणून आता लिहूनच ठेवतोय. कोड फोनवर सांगतो तसाच देवनागरीत दिलाय. गेट, इन्सर्ट, डिलीट वगैरे टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनं करायचं. व्हेरिएबलचं नाव मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतं. भाच्यानं ‘नाव’ आणि ‘रक्कम’ असंच ठेवलंय, आणि ते बिनतक्रार चालतं.

आधी हरवलं कुठे ते बघा

‘मजकूर इकडून तिकडे हलवायचा’ असं आपण म्हणतो खरं, पण विजेटमधून (एंट्री, बटण, टेक्स्ट बॉक्स हे सगळे विजेट) मजकूर उचलून कुणीच नेत नाही. कामं तीन असतात. इथल्या विजेटकडून मजकुराची नक्कल मागायची, ते गेट. तिथलं जुनं पुसायचं, ते डिलीट. नक्कल तिथे लिहायची, ते इन्सर्ट. इथला मजकूर जायला हवा असेल तर तो पुन्हा आपणच पुसायचा. यातलं कुठलं काम फसलं हे कळल्याशिवाय कोडला हात लावू नका. भाच्यानं चार तास इन्सर्टच्या ओळीशी झटापट केली होती, आणि बिघाड गेटमध्ये होता.

म्हणून गेटच्या लगेच खाली एक प्रिंट टाका. नुसतं ‘नाव’ छापू नका, रेप्रच्या कंसात घालून छापा. रेप्र अवतरणचिन्हांसकट दाखवतं, त्यामुळे रिकामा मजकूर, एखादी स्पेस आणि शेवटी लटकलेली नवी ओळ हे तिन्ही वेगवेगळे दिसतात. साध्या प्रिंटमध्ये ते तिन्ही सारखेच, म्हणजे काहीच नाही. अवतरणांमध्ये बरोबर नाव दिसलं तर वाचणं ठीक आहे, लिहिणं बघा. रिकामी अवतरणं आली तर लिहिण्याकडे ढुंकूनही बघू नका.

आणि प्रोग्रॅम टर्मिनलमधून (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) किंवा पायथनबरोबर येणाऱ्या आयडल एडिटरमधून चालवा. डबलक्लिक करून नको, आणि फाइलचं एक्स्टेंशन पीवायडब्ल्यू असेल तर मुळीच नको. बटणाच्या फंक्शनमध्ये एरर आला तरी टीकेइंटरची विंडो बंद पडत नाही. एरर टर्मिनलवर छापला जातो आणि विंडो काही झालंच नाही अशा थाटात उभी राहते. टर्मिनलच नसेल तर तो एरर कुणालाच दिसत नाही. ‘काहीच होत नाही’ म्हणून येणाऱ्या फोनपैकी बऱ्याच वेळा होत बरंच काही असतं, फक्त दिसत नसतं.

रिकामी अवतरणं: वाचायची वेळ चुकली

भाच्याला रिकामी अवतरणं दिसली. मी विचारलं, “गेटची ओळ कुठे आहे? फंक्शनच्या आत की बाहेर?”

“बाहेर. वर. दोन फंक्शनांत लागत होती ना, म्हणून एकदाच लिहिली.”

सुधारणा ती हीच. फाइल वरून खाली चालते. एंट्री तयार होते, पुढच्याच ओळीला गेट तिच्यातला मजकूर विचारतं, आणि अजून विंडो पडद्यावर उमटलेलीही नसते. मेनलूप, म्हणजे विंडो जागी ठेवणारं चक्र, सुरू व्हायचा असतो, काकांनी कीबोर्डला हात लावायचा असतो. एंट्री खरं तेच सांगते, की माझ्यात काही नाही. हे म्हणजे भर दुपारी सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस मागणं. रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर ज्या ओट्यांवर खाणं मांडलं जातं, तिथे दुपारी सोनारच बसलेला असणार. जागा बरोबर, वेळ चुकली.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ‘नाव’ या व्हेरिएबलमध्ये एंट्री नसते, त्या क्षणीची नक्कल असते. नंतर एंट्रीत कितीही लिहा, ‘नाव’ला त्याचा पत्ता नसतो. म्हणून गेट नेहमी बटणाच्या फंक्शनच्या आत, पहिल्या ओळीला. दोन फंक्शनांत लागत असेल तर दोन्हीकडे लिहा. एक ओळ वाचवून काय मिळणार आहे?

याच दुखण्याचा सख्खा भाऊ म्हणजे कमांडपुढचा कंस. बटण करताना ‘कमांड बरोबर पावती_बनव’ लिहायचं (‘बरोबर’ म्हणजे = हे चिन्ह), पुढे कंस नाही. कंस दिला की फंक्शन तिथल्या तिथे, बटण तयार होतानाच, एकदा चालतं. त्यातून परत आलेलं ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, कमांडला मिळतं आणि बटण जन्मभर मुकं राहतं. खूण सोपी आहे: विंडो उघडताच पावतीत ‘श्री.’ आपोआप उमटलेलं असतं आणि नंतर बटण कितीही दाबा, ढिम्म. फंक्शनला काही द्यायचंच असेल तर मधे लॅम्ब्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, घाला.

आणि टर्मिनलवर ‘ननटाइपला गेट नाही’ अशा अर्थाचा एरर आला, तर एंट्री तयार करण्याच्या ओळीच्या शेपटीला पॅक किंवा ग्रिड (विजेट विंडोत मांडायचे हुकूम) जोडलेलं असणार. पॅक काहीच परत देत नाही, त्यामुळे व्हेरिएबलमध्ये एंट्री न बसता नन बसतो. दोन ओळी करा: एकीत एंट्री, दुसरीत पॅक. नव्या माणसाकडून ही चूक झाली नाही असा एकही उन्हाळी वर्ग मला आठवत नाही.

रिकाम्या अवतरणांचं आणखी एक कारण असतं, ते चटकन सापडत नाही. दुसरी विंडो उघडायला कुणी पुन्हा टीके कंस, म्हणजे मुख्य विंडो बनवायचा हुकूम, लिहिलेलं असतं. प्रत्येक टीके म्हणजे वेगळं घर, त्याच्यामागे टिकल भाषेचा (टीकेइंटरच्या पोटात तीच चालते) स्वतंत्र इंटरप्रिटर. स्ट्रिंगव्हार, म्हणजे एंट्रीला जोडायचा मजकुराचा डबा, मालक न सांगता बनवला की तो पहिल्या घरचा होतो. दुसऱ्या घरातल्या एंट्रीला तो जोडला, तर टाइप केलेलं जातं तिकडे आणि आपण विचारतो इकडे. एरर येत नाही, मजकूरही येत नाही. टीके एकच ठेवा, बाकी सगळ्या विंडो टॉपलेव्हल.

अवतरणांत नाव आहे, पण पलीकडे दिसत नाही

आता लिहिण्याची बाजू. पावतीच्या बॉक्समध्ये कुणी चुकून टाइप करू नये म्हणून काकांनी तो ‘लॉक’ करायला सांगितला होता. भाच्यानं स्टेट डिसेबल्ड केली. पण टेक्स्ट विजेट डिसेबल्ड असलं की माणसाचे हात बांधले जातात तसे कोडचेही. इन्सर्ट होत नाही, डिलीट होत नाही, आणि कुणी कुरकुरही करत नाही. मला या गप्प बसण्याचा राग येतो. एक एरर दिला असता तर लोकांच्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

क्रम असा ठेवा: स्टेट नॉर्मल, डिलीट, इन्सर्ट, पुन्हा डिसेबल्ड. चारही ओळी एकाच छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि पावतीत लिहिणारा दुसरा रस्ताच ठेवू नका. रीडओन्ली एंट्रीचंही असंच आहे, फक्त तिला मागचं दार आहे. ती स्ट्रिंगव्हारला जोडलेली असेल तर स्ट्रिंगव्हार सेट केला की मजकूर बदलतो.

डिलीट विसरलात तर उलटं दुखणं: मजकूर येतो, पण आधीच्याला चिकटून. इन्सर्ट म्हणजे घुसवणं, बदलणं नव्हे. इथे आकड्यांचा एक घोळ आहे. एंट्रीत सुरुवात शून्यापासून, टेक्स्टमध्ये १.० पासून. टिंबाआधी ओळीचा क्रमांक आणि नंतर त्या ओळीतल्या अक्षराचा. ओळी एकपासून आणि अक्षरं शून्यापासून मोजायची, हे युनिक्सच्या बाकी प्रोग्रॅम्सशी जुळावं म्हणून केलेलं आहे. १९८८ च्या सुमारास जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कलीत टिकल भाषा लिहिली, टीके त्यांनीच तिच्यावर नंतर चढवलं, आणि पायथननं ते आहे तसं घेतलं. हा पत्ता अवतरणांत लिहा. १.० बिनअवतरणांचा चालून जातो, पण पहिल्या ओळीचं दहा क्रमांकाचं अक्षर म्हणून १.१० तसंच लिहिलंत तर पायथन त्याला दशांश समजून १.१ करतो आणि मजकूर दुसऱ्याच जागी घुसतो.

आता त्या शेवटच्या नव्या ओळीबद्दल. टेक्स्ट विजेट आपल्या शेवटी एक नवी ओळ स्वतःहून बाळगतं. १.० पासून एंडपर्यंत मागितलं की तीही पदरात पडते. परिणाम दोन. एक, टेक्स्टमधला मजकूर काढून परत त्यातच घातला की दर वेळी तळाशी एक रिकामी ओळ वाढते. सात-आठ पावत्यांनंतर काका विचारतात, “अरे, हा कागद एवढा लांब का येतोय?” दोन, ‘बॉक्स रिकामा असेल तर थांब’ ही अट कधीच लागत नाही, कारण रिकामा बॉक्सही एक नवी ओळ देतो आणि पायथनच्या लेखी ते ‘काहीतरी’ असतं. एंडऐवजी ‘एंड वजा एक सी’ मागा. सी म्हणजे अक्षर, म्हणजे शेवटून एक अक्षर मागे. टेक्स्टमधून एंट्रीत न्यायचं असेल तर वर स्ट्रिपही (कडेच्या स्पेस आणि नव्या ओळी काढणं) करा, कारण एंट्री एकाच ओळीची असते आणि आत शिरलेली नवी ओळ तिथे नीट दिसतही नाही.

एक अक्षर मागे

भाच्याची खरी हौस पुढे होती. नाव टाइप होत असतानाच पावतीत उमटावं, बटण दाबायची गरजच नको. त्यानं एंट्रीला ‘की’ या घटनेवर, म्हणजे कळ दाबली जाण्यावर, फंक्शन बांधलं. डावीकडे ‘कमल’ लिहिलं की उजवीकडे ‘कम’. पुढचं काहीतरी टाइप केलं की ल येतो. “मामा, कॉम्प्युटर स्लो आहे का?”

कॉम्प्युटरचा दोष नाही. कळ दाबली की टीके ठरलेल्या रांगेनं सगळ्यांना विचारतं: आधी त्या विजेटवर आपण बांधलेलं फंक्शन, मग एंट्री या जातीचं स्वतःचं वागणं, मग विंडो, मग ‘ऑल’, म्हणजे सगळ्यांना लागू असलेलं. अक्षर एंट्रीत बसवण्याचं काम त्या दुसऱ्या नंबरचं. आपलं फंक्शन पहिलं धावतं, तेव्हा ल अजून दाराबाहेर असतो. आफ्टर हा टाइमर लावून दहा मिलीसेकंद थांबणारे लोक मी पाहिलेत. चालतं, पण ते ठिगळ झालं.

‘की’च्या जागी ‘कीरिलीज’ घातलं की बोट उचलल्यावर फंक्शन धावतं आणि तोवर अक्षर बसलेलं असतं. इंग्रजीपुरतं हे बरं. पण मराठी लिहिताना इनपुट मेथड (कळांचं देवनागरी करणारा प्रोग्रॅम) कधी दोन-तीन की दाबून झाल्यावर मिळून एक तुकडा सोडते, आणि माउसनं पेस्ट केलं तर की दाबलीच जात नाही. म्हणून मी कळांवर पाळत ठेवतच नाही, मजकुरावर ठेवतो. एंट्रीला स्ट्रिंगव्हार द्या आणि त्याला ट्रेस_ॲडनं ‘राइट’वर फंक्शन लावा. मजकूर कुठल्याही वाटेनं बदलो, फंक्शन धावतं. पायथन त्या फंक्शनला तीन गोष्टी पाठवतो, त्या घ्यायची सोय ठेवा, नाहीतर एरर.

टेक्स्ट विजेटला स्ट्रिंगव्हार जोडता येत नाही. तिथे ‘मॉडिफाइड’ ही घटना आहे, दुहेरी कोनी कंसांत लिहायची. पण ती फक्त पहिल्या बदलाला वाजते आणि गप्प होते. फंक्शनमध्ये एडिट_मॉडिफाइडला फॉल्स देऊन तिला पुन्हा जागं करावं लागतं. आणि तसं केल्यावर ती स्वतःच आणखी एकदा वाजते, म्हणून आत शिरताच खरंच बदल झालाय का हे विचारून घ्यायचं.

दोन देणगीदारांत पाच लाख

ही हकिगत काका अजून सांगतात. एकूण रकमेचं लेबल भाच्यानंच जोडलं होतं. पहिली पावती ५०१ ची, दुसरी २५१ ची. लेबलवर आलं: ५०१२५१. काकांनी आधी हात जोडले, मग चष्मा पुसला.

एंट्रीतून येतं ते नेहमी मजकूर म्हणूनच, आकडा दिसत असला तरी. दोन मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. इंटच्या, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनच्या, कंसात घालून मग बेरीज करा. यातली एक गोड गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: पायथनचा इंट देवनागरी आकडेही समजतो. ५०१ देवनागरीत लिहा, बरोबर पाचशे एकच होतात. उत्तर मात्र इंग्रजी आकड्यांत येतं, पावतीवर मराठी हवे असतील तर दहा आकड्यांची अदलाबदल आपण करायची. आणि काका सवयीनं ‘५०१/-’ लिहितात. त्या तिरप्या रेघेवर इंट अडतो, तसाच १,००१ मधल्या स्वल्पविरामावर आणि रिकाम्या एंट्रीवरही. आधी ते काढून टाका, तरीही अडलं तर लेबलवर ‘रक्कम नीट लिहा’ असं दाखवा.

यादीतून निवडलेलं नाव निसटतं

गेल्या वर्षीच्या देणगीदारांची लिस्टबॉक्स. नाव निवडलं, मग टॅब मारून रकमेच्या एंट्रीत गेलं, तिथे आधीची रक्कम होती ती निवडली गेली, आणि लिस्टबॉक्समधली निळी पट्टी गायब. बटण दाबल्यावर कर्सिलेक्शन, म्हणजे निवडलेल्या ओळीचा क्रमांक, रिकामं येतं आणि इंडेक्सचा एरर. लिस्टबॉक्सला एक्सपोर्टसिलेक्शन फॉल्स द्या, संपलं.

नाव गेलं, पण ‘जेकेई’ होऊन

आता ज्याला प्रोग्रॅमर जबाबदार नाही तो प्रकार. काकांकडे सभासदांची जुनी यादी आहे, कृतिदेवमध्ये टाइप केलेली. आमच्याकडे मध्य प्रदेशात टायपिंग शिकलेला माणूस म्हणजे बहुधा कृतिदेववाला. वर्डमध्ये ती यादी अगदी सुबक मराठी दिसते. तिथून कॉपी करून एंट्रीत पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी.

कारण त्या फाइलमध्ये देवनागरी नव्हतीच कधी. इंग्रजी अक्षरं होती आणि फॉन्टनं त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवला होता. ‘राम’ म्हणून जे दिसतं ते आत जे, के, ई ही तीन अक्षरं. मजकूर एका विजेटमधून दुसऱ्यात जातो तो अक्षरांचा, फॉन्ट बरोबर जात नाही, आणि मुखवटा मागे राहतो. एंट्रीला कृतिदेव फॉन्ट दिला तर दिसेल बरोबर, पण शोधताना, क्रम लावताना तो जेकेईच राहणार. खरा उपाय म्हणजे यादी एकदाच कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांची, करणं. करताना ऱ्हस्व वेलांटीवर नजर ठेवा. कृतिदेवमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवतात. आळशी कन्व्हर्टर ती शेजारच्या अक्षरावर टाकतो, आणि तसं झालेलं आडनाव पावतीवर गेलं की माणूस वर्गणी देतो पण प्रसाद घेत नाही.

खिचडीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं आली तर आजार वेगळा. विंडोजच्या क्लिपबोर्डवर एकच मजकूर जुन्या एएनएसआय (मोजक्या अक्षरांच्या तक्त्याच्या, त्या तक्त्याला कोडपेज म्हणतात) आणि युनिकोड अशा दोन्ही रूपांत मिळतो. युनिकोडच्या आधीच्या काळचा प्रोग्रॅम जुनं रूप उचलतो. देवनागरीसाठी विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेज नाहीच, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह. ही प्रश्नचिन्हं परत मराठी होत नाहीत, अक्षर तिथेच गेलेलं असतं. मूळ फाइल उघडून तिथून आणा.

पावतीत नावं एका रांगेत यावीत म्हणून स्पेस भरून रुंदी जुळवू नका. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पायथन दहा मोजतो, कारण काना, मात्रा आणि हलन्त तो वेगळे धरतो. पहिली आठ कापून घ्या म्हटलं तर शेवटी लंगडा श् उरतो. टेक्स्ट विजेटला टॅब्स नावाचा पर्याय आहे, त्यात स्तंभांची अंतरं द्या आणि मधे टॅब घाला.

भाच्याचा रात्री साडेदहाला शेवटचा फोन आला. मंडळातल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर ‘कॉपी’ बटणानं पावती घेतो, विंडो बंद करतो, आणि वॉट्सॲपमध्ये पेस्ट करायला गेलं की काहीच नाही. क्लिपबोर्ड_क्लिअर, क्लिपबोर्ड_अपेंड, सगळं जागच्या जागी. फक्त लिनक्सच्या एक्स-इलेव्हनमध्ये (पडद्यावर विंडो दाखवणारी व्यवस्था) क्लिपबोर्डचा मजकूर वेगळा कुठे ठेवलेला नसतो, ज्यानं कॉपी केलं तो प्रोग्रॅमच मागणाऱ्याला देतो. प्रोग्रॅम बंद झाला की देणारा गेला. विंडोजवर तो टिकतो, म्हणून घरी चालत होतं.

“मग काय करू?”

“आधी पेस्ट कर, मग विंडो बंद कर. आणि काकांना सांग, पावती मिळाली म्हणून.”

“ते कधीच गेले, मामा. हातानं लिहून दिली त्यांनी.”